फाईलवरचे नाव

दवाखान्याच्या इमारतीला जमिनीखाली एक पोट होते, आणि त्या पोटात चौतीस वर्षे एक बाई बसत होती. वर माणसे यायची, कण्हायची, बरी होऊन जायची, काही बरी न होताच जायची. खाली त्यांचे कागद उतरायचे. बाईला तिथे कुणी नावाने हाक मारीत नसे. मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला रेकॉर्डबाई म्हणत आणि तिला ते आवडे. नाव काय, कुणालाही असते. रेकॉर्ड मात्र तिचे होते.

खोली लांबट होती, बैलांच्या गोठ्यासारखी. दोन्ही बाजूंना लोखंडी रॅक, मधून एक माणूस जाईल एवढी वाट. जुन्या कागदाचा एक वास असतो, सुकल्या पेंढ्याच्या जवळचा, तो तिच्या पदराला इतका बसला होता की घरी पाऊल टाकताच नवरा म्हणे, “आली गंजी घरी.” छताला लागून एक आडवी, बुटकी खिडकी होती. बाहेरची वाट त्या खिडकीच्या पातळीवरून जात असल्यामुळे खोलीतून माणसे फक्त घोट्यापर्यंत दिसत. चौतीस वर्षे बाईने माणसांचे पाय पाहिले. गुराखी खुरांवरून गुरे ओळखतो, तशी ती पायांवरून आजार ओळखू लागली. कुणाचा गुडघा गेला आहे, कुणाला श्वास पुरत नाही, कोण वर जाऊन वाईट बातमी ऐकून आला आहे, हे तिला पाच-सहा पावलांत कळे.

तिच्या आधीच्या म्हाताऱ्या कारकुनाने एक रीत घालून दिली होती: फाईल आजाराप्रमाणे लावायची. प्रत्येक रॅकच्या डोक्यावर पत्र्याची पाटी आणि पाटीवर आजाराचे नाव. काही नावे साधी होती, दमा, कावीळ, संधिवात. पण मागच्या भिंतीकडच्या रॅकवर माणसांची नावे होती. ॲडिसन. हॉजकिन. ब्राइट. कुशिंग. बेल. हॅन्सन. पार्किन्सन. कुठल्या तरी लांबच्या देशातली माणसे आपल्या तळघरात वस्तीला आली आहेत, असे त्या भिंतीकडे पाहून वाटे.

ही माणसे कोण, याबद्दल बाईला कधी शंका पडली नाही. रेकॉर्ड रूमचा पहिला नियमच तो होता. पुठ्ठ्यावर बाहेर नाव असते ते आजाऱ्याचे. डॉक्टर आत असतो, कागदाच्या तळाशी, देवालाही वाचता न येणाऱ्या सहीत. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिच्या हाती एक फाईल आली होती, तिच्यावर आजार म्हणून ‘ख्रिसमस’ लिहिलेले. कुणीतरी ऐन सणात आजारी पडला असेल, असे समजून ती फाईल कुठे लावावी याचा ती विचार करीत उभी राहिली. तेव्हाचे मोठे डॉक्टर काही शोधायला खाली आले होते. ते म्हणाले, “सण नव्हे हो बाई, आडनाव आहे. लहान मुलगा होता एक. रक्त थांबायचंच नाही त्याचं. त्याच्याच नावानं तो आजार ओळखतात.”

एवढे सांगून डॉक्टर जिना चढून गेले. त्यांनी सांगितले ते अक्षरशः खरे होते. पण एकाच खऱ्या दाण्यातून बाईच्या मनात चौतीस वर्षांचे पीक उभे राहिले. तो मुलगा जर त्याच्या आजाराचा पहिला धनी, तर बाकीचेही तसेच. ज्याला पहिल्यांदा झाले त्याचे नाव लागले. आणि पुढच्या लाखो माणसांच्या कागदावर तो पहिला माणूस बोट धरून चालला.

मग बाई त्यांना ओळखू लागली. ॲडिसनची कातडी काळवंडते, म्हणजे बिचाऱ्याला आधी वाटले असेल, उन्हाने रापलो. बेलचे तोंड एका रात्रीत वाकडे झाले आणि सकाळी बायको त्याला बघून हसली असेल, आणि मग दिवसभर रडली असेल. हॅन्सनची तिला सगळ्यात जास्त दया येई. त्या आजाराचे जुने नाव, महारोग, घेतले की लोक अंग चोरतात, म्हणून डॉक्टर कागदावर ‘हॅन्सन’ लिहितात, हे तिला ठाऊक होते. ती म्हणे, गावाने वाळीत टाकलेला माणूस, पण बघा, इतरांची लाज झाकायला आपले नाव देऊन गेला. रोज सकाळी फडके मारताना ती प्रत्येक पाटी पुशी आणि पुटपुटे, “काय हॉजकिन, आज गर्दी आहे तुमच्याकडे.” वरचे लोक हसत. बाईची ही एक तऱ्हा आहे, असे समजून कुणी काही विचारले नाही; आणि न विचारलेली चूक ही जुन्या झाडासारखी असते, सावली देत राहते.

त्या पाट्या रंगवायला जो पेंटर आला होता, त्याच्याशीच पुढे तिचे लग्न झाले.

पेंटरचा हात सरळ होता. दोऱ्याने खडूची रेघ न मारता तो ओळ लिही, आणि ती ओळ पाण्याच्या पातळीला लावून पाहावी इतकी सपाट असे. बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या होत्या. तळघरात तो चार दिवस पाट्या रंगवीत होता. खरे तर काम दीड दिवसाचे होते. दुसऱ्या दिवशी त्याने ब्रश थांबवून विचारले होते, “ही सगळी कोण मंडळी?”

“पहिल्यांदा आजारी पडलेली,” तिने सांगितले.

“आणि दुसऱ्यांदा पडलेल्यांचं काय?”

“ते फाईलीत.”

“म्हणजे आजारी पडायचं तर पहिलं पडावं,” पेंटर म्हणाला होता. “पाटी तरी मिळते.”

पुढे संसारात हे वाक्य तिने त्याला शंभरदा परत केले.

लग्नाला तीस वर्षे झाल्यावरची गोष्ट. एका दुपारी बाई खिडकीखाली बसून फाईलींना नाड्या बांधीत होती. वरून पाय जात होते. एक जोडी आली, छोटी छोटी पावले टाकीत, घासत, जणू जमिनीला चिकटलेले काही खरवडत. उजवा पाय डाव्यापेक्षा आळशी. बाईने सवयीने मनात म्हटले, हा पार्किन्सनच्या रॅकमधला. आणि मग तिला चप्पल दिसली. डाव्या चपलेच्या अंगठ्यावर हिरव्या ऑइलपेंटचा थेंब होता. तो तिने स्वतः दोनदा रॉकेलने पुसायचा प्रयत्न केला होता.

ती उठली नाही. हातातली नाडी बांधून पुरी केली. मग जिन्यावर पावले वाजली आणि पेंटर दारात आला. “डबा विसरलीस,” तो म्हणाला. “घरात बसून डब्याचंच तोंड बघत होतो.” डबा त्याच्या उजव्या हातात होता आणि झाकण अगदी हळू, बारीक वाजत होते.

महिन्याभराने त्याची फाईल झाली. वरचा शिपाई ती खाली आणून देणार होता. बाईने जाऊन स्वतः आणली. पुठ्ठ्यावर नवऱ्याचे नाव तिने आपल्या अक्षरात लिहिले आणि पार्किन्सनच्या पाटीखाली फाईल लावली. घरी आल्यावर सांगितले. पेंटर म्हणाला, “स्वतःच्या हातानं रंगवलेल्या पाटीखाली जाऊन पडलो म्हणायचं.”

पुढचे मात्र हसण्यावारी गेले नाही. त्याचा ब्रश सुटला, ते त्याने सोसले. पण एकदा चहाच्या दुकानात कप ओठाला लागेपर्यंत अर्धा सांडला, तेव्हा पलीकडचे गिऱ्हाईक म्हणाले, “भरदिवसा एवढी घ्यावी का माणसानं?” पेंटरने जन्मात कधी दारूला हात लावला नव्हता. तो घरी आला, चप्पल काढून दाराआड ठेवली, आणि दुसऱ्या दिवसापासून ती तिथून हलली नाही.

डॉक्टरांनी बजावले होते: गोळ्या अर्धे काम करतील, उरलेले अर्धे चालण्याने होईल, बसून राहिलात तर अंग लाकूड होईल. पेंटरची धाकटी बहीण जवळच राहत असे. ती येऊन आपल्या परीने समजावी. “दादा, लोक काय, मेल्यावर पण म्हणतील हा जास्तच ताठ पडलाय. ऊठ.” पण पेंटर भिंतीकडे तोंड करून बसे. सरळ रेघेचा माणूस होता तो. वाकडे दिसणे त्याला मरणापेक्षा अवघड होते.

एका संध्याकाळी बाई त्याच्या शर्टाची बटणे लावत होती. सहज बोलल्यासारखी म्हणाली, “पार्किन्सनलाही लाज वाटली असेल.”

पेंटरने मान वळवली. “मग? बाहेर पडायचा का तो?”

बाईने इतक्या वर्षांत चुकीचा कागद कुठल्या फाईलीला लावला नव्हता. पण त्या क्षणी तिच्या तोंडून निघाले, “पडायचा तर. रोज.”

“कुठवर?”

“पूल होता म्हणे तिकडे. तिथवर.”

“लोक हसत नव्हते?”

“हसायचे. मग कंटाळले.”

दुसऱ्या दिवशी पेंटरने चप्पल घातली. त्यांच्या घरापासून ओढ्यावरचा पूल चारशे पावलांवर होता. तो पुलापर्यंत गेला आणि परत आला, आणि घामाने भिजून खुर्चीत बसत म्हणाला, “पार्किन्सन बरा धट्टाकट्टा असला पाहिजे.”

तिथून तो माणूस त्यांच्या घरात राहायलाच आला. बाई रोज कामावरून येताना त्याच्याबद्दल काहीतरी घेऊन येई. पार्किन्सन उंबऱ्याशी अडकला की मनात आकडे मोजायचा. पार्किन्सन कपात अर्धाच चहा घ्यायचा, आणि दोनदा घ्यायचा. ती जे सांगे, ते तिने फाईलींत वाचलेले असे, खऱ्याच आजाऱ्यांचे. फक्त ते सगळे ती एका माणसाच्या अंगावर घाली. त्यामुळे तिला ते खोटे वाटत नसे. पहिल्याला झाले तेच दुसऱ्याला होते, मग दुसऱ्याचे पहिल्याला चिकटवले तर बिघडले कुठे? पेंटर तीन वर्षे रोज पुलापर्यंत गेला. कधी कंटाळा आला तर म्हणे, “चला, तो वाट बघत असेल.”

बाईच्या निवृत्तीला पाच महिने उरले तेव्हा वरून एक नवी डॉक्टर खाली आली. कोवळी पोरगी, चष्मा नाकावरून घसरणारा. दवाखान्यात तिला छोटी डॉक्टर म्हणत. तिला अभ्यासासाठी मागच्या वीस वर्षांच्या पार्किन्सनच्या फाईली पाहायच्या होत्या. इतके दिवस डॉक्टर लोक फाईल मागवून घेत. ही स्वतः स्टुलावर बसून धूळ खाऊ लागली. बाईला ती आवडली. तिसऱ्या दिवशी तिने आपल्या डब्यातले अर्धे तिला दिले आणि गप्पांत म्हणाली, “भला माणूस होता हो तो पार्किन्सन. एवढं अंग थरथरायचं, पण घरी बसला नाही.”

छोटी डॉक्टर हसली, कुणी गंमत केली की हसतात तशी. मग बाईच्या तोंडाकडे पाहून तिचे हसू थांबले.

“मावशी,” ती हळू म्हणाली, “पार्किन्सन पेशंट नव्हते. डॉक्टर होते.”

बाई घास हातात धरून राहिली. “ॲडिसन?”

“तेही डॉक्टर.”

“हॉजकिन? ब्राइट?”

“डॉक्टरच. ज्यांनी तो आजार पहिल्यांदा नीट ओळखून लिहिला, त्यांची नावं लागली.”

“बेल? त्याचं तोंड वाकडं झालं होतं ना?”

“नाही मावशी.”

“हॅन्सन?” हे तिने अगदी खालच्या आवाजात विचारले.

“त्यांनी त्या रोगाचा जंतू शोधला. त्यांना स्वतःला झाला नव्हता.”

बाईने डब्याचे झाकण लावले. “ख्रिसमस तरी?”

“तो मात्र पेशंट. लहान मुलगा होता. तसं क्वचित होतं.”

“मग मी चुकीचं नाही ऐकलं,” बाई म्हणाली. “फक्त एकदाच ऐकलं.” आणि थोड्या वेळाने, पाट्यांकडे पाहत: “ज्यानं पाहिलं त्याचं नाव बाहेर. आणि ज्याचं दुखलं तो कुठाय?”

छोटी आठवून म्हणाली, “अल्झायमर म्हणून आहे ना, विसरण्याचा. ते डॉक्टर. पण त्यांनी जिच्यावरून तो आजार लिहिला त्या बाईची फाईल नव्वदएक वर्षं हरवली होती. मग तिथल्याच दवाखान्याच्या जुन्या कागदांत सापडली. तिला नाव लिहायला सांगितलं की ते पण पुरं होत नसे. म्हणायची, मी मला हरवून बसलेय.”

“नव्वद वर्षं,” बाई म्हणाली. “कुणीतरी चुकीच्या खणात लावली असणार.” सवयीने बोलून गेली, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आले. छोटी डॉक्टर घाबरली. तिला कळेना, आपण काय मोडले. तेव्हा बाईने तिला पेंटरचे सांगितले, पुलाचे सांगितले, तीन वर्षांचे सांगितले.

छोटी म्हणाली, “त्या डॉक्टरांनी स्वतः लिहिलेलं आहे, दोनशे वर्षांपूर्वीचं. मी शोधून आणते. त्यात माणसं आहेत, मावशी.”

त्या संध्याकाळी बाईने घरी काही आणले नाही. पेंटर वाट पाहून म्हणाला, “आज सुट्टी का त्याला?” ती म्हणाली, “काम फार होतं.” दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी पेंटर उंबऱ्याशी अडकला तो तिथेच उभा राहिला, पाय जमिनीत पेरल्यासारखे, आणि परत येऊन खुर्चीत बसला.  पुलाकडे गेला नाही.

नणंदेला सगळे कळले तेव्हा ती चुलीवरचे तवे वाजावेत तशी बोलली. “वहिनी, तुम्ही हरिश्चंद्राच्या घरच्या का? चालतोय ना माणूस? मग चालू दे. दोनशे वर्षांपूर्वी मेलेला माणूस डॉक्टर होता की पेशंट, तो काय येऊन सांगणारे?”

“वन्सं, तो नाही येणार. पण मी रोज येते ना घरी,” बाई म्हणाली. “तोंडात खोटा कागद घेऊन कसं यायचं?”

“इतके दिवस आलात की.”

“इतके दिवस ठाऊक नव्हतं.”

आठवड्याने छोटी डॉक्टर कागद घेऊन आली. तळघरात, खिडकीखाली, तिने एकेक ओळ वाचून बाईला अर्थ सांगितला. त्या डॉक्टरांनी सहा माणसांबद्दल लिहिले होते. आजाराला आपले नाव त्यांनी दिले नव्हते. ते त्याला थरथरता लकवा म्हणत, आणि त्यांचे नाव मागाहून दुसऱ्याच एका डॉक्टरने लावले. हे ऐकून बाईचा त्यांच्यावरचा राग बराच उतरला. सहांपैकी एकाचेही नाव कागदात नव्हते. एक माळी होता, पन्नाशी उलटलेला. एक न्यायाधीशाच्या कचेरीत चाकरी केलेला, बासष्ट वर्षांचा. एक खलाशी, एकेकाळी मोठा दणकट. एकाला तर त्यांनी नुसते लांबून पाहिले होते. त्याचा चाकर समोर उभा राहून त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवी, त्याला हळूहळू पुढे-मागे झुलवी. तोल सापडला की तो माणूस इशारा करी, आणि धावत सुटे, आणि चाकर त्याला झेलायला पुढे पळे.

“परत वाचा ते,” बाई म्हणाली. छोटीने परत वाचले.

बाईने त्याच संध्याकाळी सांगितले. चहा झाल्यावर, पेंटरच्या समोर बसून, काही न वगळता. पुलाचे तिने बनवले होते, हेही सांगितले.

पेंटरचा हात मांडीवर थरथरत होता. एरवी तो दुसऱ्या हाताने त्याला दाबून धरी. त्या दिवशी धरला नाही.

“म्हणजे त्याचा हात हलत नव्हता,” तो म्हणाला.

“नाही.”

“तीन वर्षं मी एका धडधाकट डॉक्टरच्या मागं चाललो.”

“माझ्या मागं चाललात.”

“तुझं काय, तुझे पाय चांगलेत.” त्याने तोंड भिंतीकडे केले. “मला वाटायचं, कुणीतरी आपल्यातला आहे.”

हे वाक्य बाईला सगळ्यात जास्त लागले. ओरडला असता तर तिने ऐकून घेतले असते. चार दिवस पेंटर खुर्चीतून उठून फक्त अंथरुणावर गेला. पाचव्या दिवशी त्याला शर्टाची एक बाहीही चढवता येईना. नणंद आली, काही बोलली नाही, आणि तेच जास्त वाईट होते. बाई रोज रॅकजवळ जाई, नवऱ्याची फाईल काढी, परत ठेवी. आता तिला त्या पाटीला फडके मारवेना.

सहाव्या दिवशी सकाळी ती कामावर निघाली, तर मागून आवाज आला.

“अगं, तो कचेरीतला.”

ती थांबली. “कोण?”

“तोच, डॉक्टरनं लिहिलेला. तो दवाखान्यात आला होता का?”

“नाही. रस्त्यात भेटला म्हणे. सहज.”

“आणि खलाशी?”

“तोही रस्त्यातच.”

 पेंटरचे तोंड आता पूर्वीसारखे हलत नसे, मुखवट्यासारखे झाले होते. पण बाईला ते वाचता येई. “रस्त्यात भेटला,” तो म्हणाला, “म्हणजे बाहेर पडला होता.”

बाई दाराला धरून उभी राहिली.

“घरात तोंड लपवून बसला असता तर डॉक्टरला दिसला कसा असता? काय लिहिलं असतं त्यानं, कपाळ? तू सांगितलंस ते अगदीच खोटं नव्हतं. माणूस चुकला तुझा. रस्ता बरोबर होता.” मग तो म्हणाला, “नावं नाहीत म्हणालीस त्यांची.”

“एकाचंही नाही.”

“पाटी लिहिणाऱ्याला हे आधी कळलं असतं, तर जागा सोडली असती खाली.”

ती तशीच कामावर गेली. बोलली असती तर रडली असती, आणि रडायला उशीर झाला असता.

दुपारी ती खिडकीखाली नाड्या बांधीत होती. पाय जात होते. दवाखाना पुलाच्याही पलीकडे, अर्ध्या कोसावर होता. तीन वर्षांत पेंटर पूल ओलांडून गेला नव्हता. म्हणून आधी तिचा विश्वास बसला नाही. छोटी छोटी पावले, घासत, उजवा पाय आळशी. अंगठ्यावर हिरवा थेंब. पाय खिडकीसमोर येऊन थांबले. चिकटले होते की तिला दिसावे म्हणून थांबले होते, ते तिला कळले नाही. मग डावा उचलला गेला, मग उजवा, आणि ते जिन्याकडे वळले.

पेंटरच्या काखेत एक पुठ्ठा होता. त्याने तो तिच्या टेबलावर ठेवला आणि स्टुलावर बसून श्वास घेत राहिला. पुठ्ठ्यावर काळ्या रंगात सहा ओळी होत्या. माळी. कचेरीतला माणूस. खलाशी. पुढच्या ओळीत नुसते ‘गृहस्थ’. मग लांबून दिसलेला. शेवटी आणखी एक गृहस्थ. पहिले अक्षर वीतभर मोठे होते, आणि पुढे अक्षरे बारीक बारीक होत गेली होती, कारण त्या आजारात हात असाच आखडत जातो; शेवटचा गृहस्थ मुंगीएवढा झाला होता. एकही ओळ सरळ नव्हती.

“वाकडं आलंय,” पेंटर म्हणाला.

“ओळखतील ते आपलं,” बाई म्हणाली.

तिने फाईलीची नाडी ओवून पुठ्ठा पार्किन्सनच्या पाटीखाली टांगला. वर तेहेतीस वर्षांपूर्वीची पाण्याच्या पातळीसारखी ओळ, खाली ही. छोटी डॉक्टर तेवढ्यात फाईल ठेवायला आली. तिने पाहिले, चष्मा वर केला, आणि फाईल जागच्या जागी लावून गेली.

बाईने त्या दिवशी अर्धी रजा टाकली. दोघे जिना चढून दारापर्यंत आले आणि दाराच्या पट्टीशी पेंटरचे पाय रुतले. मागून माणसे येत होती. कुणी म्हणाले, “बाजूला व्हा जरा,” आणि पेंटरचे कान लाल झाले. बाईने पिशवी खाली ठेवली. ती वळून त्याच्या समोर उभी राहिली, त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले, आणि त्याला हळूहळू झुलवू लागली. पुढे, मागे. पुढे, मागे.

“लोक बघतायत,” तो पुटपुटला.

“बघू देत. एखादा डॉक्टर असेल त्यांच्यात.”

पेंटरच्या मुखवट्यासारख्या तोंडावर कोपऱ्यात कुठेतरी काही हलले. “सोड,” तो म्हणाला, आणि पाय सुटले. तो झपझप पुढे निघाला आणि बाई त्याच्या समोरून, तोंड त्याच्याकडे, उलट्या पावलांनी पळू लागली. साठीला आलेली, अंगाने भरलेली बाई, पदर खोचलेला, हात पसरलेले.

“मागं खांब आहे,” पेंटर म्हणाला.

“ठाऊक आहे मला,” ती म्हणाली, आणि मागे न बघता एक पाऊल डावीकडे सरकली.